व्यायामानंतर बर्फाचं पाणी की थंड शॉवर?

लांब धावल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाय आखडतात, त्यावर बर्फाच्या पाण्याच्या पिंपात बसणंच जास्त उपयोगी. 10 ते 15 अंश सेल्सिअसच्या पाण्यात कंबरेपर्यंत 10 ते 15 मिनिटं पुरतात. पाण्याचा दाब आणि गारवा दोन्ही सगळीकडून मिळतात. मात्र बर्फ भरपूर लागतो: 28 अंशांचं 150 लिटर पाणी 14 अंशांवर आणायला सुमारे 22 किलो. थर्मामीटर ठेवाच, हाताचा अंदाज फसवतो.

शॉवर सोपा, पण स्नायूंपर्यंत गारवा कमी पोहोचतो. शिवाय मुंबईच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी थंड नसतंच. तो रोजच्या तरतरीसाठी ठीक: नेहमीच्या अंघोळीनंतर शेवटी 30 ते 90 सेकंद. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात असं करणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा 29 टक्क्यांनी कमी झाल्या; आजारपणाचे दिवस मात्र घटले नाहीत.

वजनं उचलून स्नायू वाढवायचे असतील तर व्यायामानंतर लगेच पिंपात बसू नका, वाढ मंदावते.

पिंपात उतरताच श्वास अडकतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. म्हणून हळू उतरा, डोकं बुडवू नका, एकटं बसू नका. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.