वाळूत गाडी रुतली नव्हती, रुतवली होती: जैसलमेर ऑफरोडिंगमध्ये झालेली फसवणूक

थंडी सुरू झाली की इन्स्टावर वाळवंटात गाड्या उडवणाऱ्या रील्स सुरू होतात आणि खाली लिहिलेलं असतं की थोड्याच सीट शिल्लक, लगेच बुक करा. अशाच एका मुंबईतल्या ग्रुपने आम्हाला व्यवस्थित कापलंय म्हणून हे सविस्तर लिहितोय. नाव टाकत नाही कारण तक्रार दाखल केलीये आणि ओळखीच्या वकीलबाई बोलल्या की निकाल लागेपर्यंत नाव कुठे लिहू नका. पण पद्धत सांगतो, ती कळली की नावाची गरज नाही पडणार.

ग्रुप चालवणारा माणूस ठाण्याचा, मराठी, बोलायला एकदम गोड. दादरला छोटा हॉल घेऊन त्याने फुकट माहितीचा कार्यक्रम ठेवला होता, प्रोजेक्टर वगैरे, वर चहा आणि वडापाव. "आपली माणसं नुसती उंटावर बसून फोटो काढून येतात हो, गाडी चालवायला परदेशात का जायचं, आपलं थर आहे ना" असं बोलून त्याने अख्खा हॉल खिशात घातला. पीडीएफमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: फोर बाय फोर गाडी (म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी), दोघांत एक, सोबत ट्रेनिंग घेतलेला इन्स्ट्रक्टर, प्रत्येकाला तीन तास स्टिअरिंग हातात, आणि गाडी अडकली तर बाहेर काढणं पॅकेजमध्येच. जोडप्याला ४८ हजार, प्रवासखर्च आपला. वर प्रत्येक गाडीमागे १५ हजार डिपॉझिट, ते परत मिळणार. मी, बायको, साडू आणि मेहुणी असे चौघं तयार झालो.

आता पहिली गंमत इथेच आहे. पॅकेजचे पैसे कंपनीच्या खात्यावर घेतले पण डिपॉझिट दुसऱ्याच एका मोबाईल नंबरवर टाकायला सांगितलं, का तर म्हणे कंपनीत घेतलं की जीएसटीची लफडी होतात आणि परत करायला वेळ लागतो. ऐकायला पटण्यासारखं वाटतं ना? कुठल्यातरी माणसाचं पर्सनल खातं होतं ते. हे लक्षात ठेवा, पुढे येणारे.

वांद्र्याहून जैसलमेरला थेट गाडी आहे पण तारीख जुळली नाही म्हणून सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर आणि तिथून टॅक्सीने पुढे. जैसलमेरपासून सम हे गाव चाळीसेक किलोमीटर. सगळे कॅम्प तिथेच, रस्त्याच्या दोन्ही बाजूला, आणि संध्याकाळी उंटवाले, जीपवाले, पोर्टेबल डीजेवाले अशी गर्दी की चौपाटी बरी. आम्हाला त्याच्या पुढे नेलं, "सिक्रेट स्पॉट" म्हणे. महिंद्राच्या दोन थार उभ्या, लाल आणि काळी, मस्त धुतलेल्या. साडू गाड्यांच्या बाबतीत किडा आहे, तो आत बसला आणि गिअरच्या बाजूला हात फिरवत बसला. थारच्या फोर बाय फोरमध्ये गिअरच्या लिव्हरशेजारी अजून एक छोटी लिव्हर असते, तिच्यावर टू एच, फोर एच, एन, फोर एल असं लिहिलेलं असतं. वाळूत चढ-उतारासाठी तीच तर लागते. आमच्या गाडीत त्या जागी सामान ठेवायचा खोलगट कप्पा होता आणि त्यात कोणीतरी खाल्लेल्या च्युइंगमचे कागद. म्हणजे ही मागच्या दोन चाकांवर चालणारी थार, हे मॉडेल २०२३ च्या जानेवारीत आलं, बाहेरून बघणाऱ्याला पटकन फरक कळत नाही. साडूने विचारलं, भाई फोर व्हील किधर से लगाने का? तर तो इन्स्ट्रक्टर म्हणवणारा पोरगा बोलला, "सर इसमें ऑटोमॅटिक लगता है." साडू माझ्याकडे बघून नुसता हसला. ठाण्याच्या साहेबांना फोन लावला, ते बोलले दादा फोर बाय फोर सर्व्हिसिंगला गेलीये, आज याच्यावर प्रॅक्टिस करा, उद्या देतो. उद्या काही आली नाही, सांगायला नकोच.

नंबर प्लेट पांढरी होती. भाड्याने स्वतः चालवायला द्यायची गाडी असेल तर काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं असतात, गोव्याला बघतोच आपण. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी तेच कारण काढून हात वर करू शकते. वाळूत गाडी आडवी घातली तर उलटू शकते, म्हणजे हा काही नुसता कागदी प्रश्न नाहीये.

साडूच्या बॅगेत टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप असतो, त्याने सवयीने प्रेशर बघितलं तर ३४. तो बोलला की वाळूत हवा कमी करतात असं ऐकलंय मी. पोरगा बोलला, "नहीं सर, हवा कम करेंगे तो टायर रिम से निकल जाएगा." यातलं अर्धं खरं आहे, हवा फारच कमी केली आणि जोरात वळवलं तर टायर रिमवरून सुटतो. म्हणूनच हे खोटं इतकं बेमालूम खपतं.

सुरुवातीला टणक जमिनीवर दहा-पंधरा मिनिटं फिरवलं, त्यात बायकोने पण चालवली, मजा आली हे नाकारणार नाही. मग एका टेकाडाच्या पायथ्याशी नेलं. वारा ज्या बाजूने येतो ती वाळू दाबलेली, घट्ट असते आणि पलीकडची बाजू भुसभुशीत, तीव्र उताराची. हे मला आता माहितीये. आम्हाला सरळ भुसभुशीत बाजूने वर घालायला लावली, तेही भर दुपारी, वाळू कोरडी ठणठणीत. "दबाओ सर, और दबाओ, छोडना नहीं." मी दाबला. मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरली, वाळू मागे उडाली, आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली जायला लागली. मिनिटभरात म्हैस डबक्यात बसावी तशी पोट टेकून बसली. मी पाय काढला तर पोरगा बोलला और थोडा दबाओ, निकलेगा. अडकल्यावर रेस देत राहिलं की गाडी अजून खोल जाते, पहिल्यांदा ऑफरोडिंग करणाऱ्याला पण पहिल्या तासात शिकवतात हे.

फावडं नाही, चाकाखाली घालायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या नाहीत, ओढायचा पट्टा नाही. पोराने कुणाला फोनसुद्धा केला नाही. आणि तरी पाच-सात मिनिटांत खेजडीच्या झाडांमागून ट्रॅक्टर आला. ट्रॉली नाही, मागच्या हुकला दोर आधीच बांधलेला, ड्रायव्हरच्या हातात अर्धा प्यायलेला चहाचा कागदी कप. सहा हजार बोलला. मी पीडीएफ दाखवली की बाबा हे पॅकेजमध्ये आहे, तर पोरगा म्हणतो ते गाडीने गाडी काढायचं आहे, ट्रॅक्टर एक्स्ट्रा. घासाघीस करत होतो तेवढ्यात मागून साडूची गाडी पण रुतली, तिथेच, वीस पावलांवर. मग बारा हजार. भर उन्हात दोन बायका, पाण्याच्या बाटल्या संपत आलेल्या, डोक्यावर टोपी नाही, कोण किती वेळ भांडणार.

बायकोने ट्रॅक्टरवाल्याचा क्यूआर स्कॅन केला आणि तिथेच थांबली. मला बाजूला घेऊन फोन दाखवला. यूपीआयमध्ये पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं बँकेतलं नाव दिसतं ना, ते नाव आणि डिपॉझिट ज्या खात्यावर टाकलं होतं ते नाव एकच. म्हणजे जैसलमेरच्या वाळूत "योगायोगाने" आलेल्या ट्रॅक्टरचे पैसे ठाण्याच्या साहेबांच्याच माणसाला चालले होते. च्यायला. त्या क्षणी सगळं लक्षात आलं, हवा का काढली नाही, भुसभुशीत बाजू का, दबाओ दबाओ का. गाडी अडकणं हा अपघात नव्हताच, तोच तर धंदा होता. पण गाडी वाळूत, आपण वाळूत, तिथे तोंड उघडून काय करणार. स्क्रीनशॉट काढला, पैसे दिले आणि गप्प बसलो.

संध्याकाळी कालबेलिया नाच, दाल बाटी, ते ठीक होतं, त्याबद्दल काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर फिरायला निघालो तर रस्त्याच्या कडेला दुसऱ्या एका ग्रुपच्या गाड्या रांगेत उभ्या. प्रत्येक चाकाशी एकेक माणूस उकिडवा बसलेला आणि सगळीकडून सूं सूं हवा सुटण्याचा आवाज. प्रत्येक गाडीला उंच काठीवर भगव्या रंगाची झेंडी, म्हणजे टेकाडाच्या पलीकडून येणाऱ्याला दिसावी. त्यांच्या पुढाऱ्याला विचारलं तर तो बिचारा न कंटाळता सांगत बसला. वाळूत १५ ते १८ च्या आसपास ठेवतात, टायर पसरतो, वजन वाटलं जातं. सकाळी थंडीने वाळू जरा बसलेली असते म्हणून लवकर निघायचं. टेकाडाच्या माथ्यावर पलीकडे काय आहे ते बघितल्याशिवाय उडी नाही मारायची. उतारावर गाडी आडवी नाही घ्यायची, घसरायला लागली तर स्टिअरिंग उताराकडे. अडकलात तर पाय काढा आणि आलात त्याच खुणांवरून हळू मागे या. फुकटात दहा मिनिटांत जेवढं शिकलो तेवढं ४८ हजारात नाही शिकलो. आमच्या सिक्रेट स्पॉटची जागा सांगितल्यावर तो गंभीर झाला, बोलला तिकडे जवळ डेझर्ट नॅशनल पार्कची हद्द आहे, आधी वनखात्याची हद्द कुठे आहे ते बघत जा. तिथे गोडावण असतो, म्हणजे आपला माळढोक, सोलापूरजवळ नान्नजला ज्याचं अभयारण्य आहे तोच. अशा जागी आम्हाला गाड्या उडवायला नेत होते की काय, देव जाणे.

मुंबईला परत आलो आणि डिपॉझिटचा खेळ सुरू झाला. आधी उद्या, मग परवा, मग व्हॉट्सॅपवर एका गॅरेजच्या बिलाचा फोटो, क्लच प्लेट जळाली, डिपॉझिट वजा जाऊन अजून नऊ हजार द्या. बिलावर जीएसटी नंबर नाही आणि किलोमीटर लिहिलेत ३१ हजार काहीतरी. साडूने गाडी ताब्यात घेताना डॅशबोर्डचा फोटो काढला होता, त्यात रीडिंग ४४ हजारांच्या वर. गाडी मागे चालते की काय यांची? हा फोटो पाठवल्यावर साहेबांनी दोन्ही निळ्या टिका दिल्या आणि ब्लॉक केलं.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवून घेतली पण तोपर्यंत बरेच दिवस उलटले होते, ज्यांचे पैसे ताजे गेलेत त्यांनी पहिला फोन तिथेच करा, खातं गोठवायला वेळ हाच सगळ्यात महत्त्वाचा. पोलीस स्टेशनला तिथले अधिकारी बोलले हा सिव्हिल मॅटर आहे. पूर्वी ज्याला चारशे वीस म्हणायचो ते आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, लेखी अर्ज देऊन त्यावर पोच घेऊन आलोय. खरा आधार ग्राहक आयोगाचा वाटतोय. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे फसवणूक जैसलमेरला झाली तरी मला वांद्र्याच्या बाहेर जायची गरज नाही, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पण नोंद करा. कागद म्हणून ती पीडीएफ, दोन्ही खात्यांचे स्क्रीनशॉट, डॅशबोर्डचा फोटो आणि टायर प्रेशरचा फोटो जोडलाय.

नोटीस पोचल्यावर साहेबांनी दुसऱ्या नंबरवरून फोन केला, पुन्हा तोच गोड आवाज, "दादा आपण मराठी माणसं, दहा हजार देतो, विषय संपवा." नाही बोललो. बोलले मग बघून घेऊ, मी बोललो बघा.

आता ज्यांनी कोणी गेल्या एक-दोन सीझनमध्ये समच्या पुढे ट्रॅक्टरवाल्याला यूपीआयने पैसे दिले असतील त्यांनी आपल्या हिस्टरीत ते नाव आणि डिपॉझिट घेणाऱ्याचं नाव एकदा जुळवून बघा. जुळलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा, एकच तक्रार असलेले बरेच ग्राहक असले तर आयोगाची परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते आणि वकीलबाई त्यासाठी तयार आहेत.