पोस्टग्रेसचा बॅकअप: रात्रीचा डंप पुरे, की वॉलही साठवायचं?

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी दुकानाच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर डिलीट चालवलं आणि कुठल्या ओळी उडवायच्या ते सांगणारं व्हेअर लिहायचं राहिलं. हाताशी रात्री दोनचा पीजी_डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली नक्कल) आहे, म्हणजे चौदा तासांची बिलं गेली. ती कागदावरून पुन्हा भरता येणार असतील तर डंप पुरे, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. येणार नसतील तर बेसबॅकअप (डेटाच्या फाइलींची जशीच्या तशी प्रत) घ्या आणि वॉलच्या (WAL, प्रत्येक बदलाची नोंदवही) फाइली साठवत राहा. परत उतरवताना रिकव्हरी_टार्गेट_टाइम या सेटिंगमध्ये चार वाजून नऊ मिनिटं लिहिली, की पोस्टग्रेस तिथपर्यंतचे बदल पुन्हा चढवून थांबतं. (रेप्लिका, म्हणजे सतत ताजी होत राहणारी दुसरी प्रत, इथे कामाची नाही, तिच्यावर तेच डिलीट लगेच पोचलेलं असतं.)

डंप मला आवडतो तो कुठेही उतरतो म्हणून. जुन्या आवृत्तीतून नव्यात, लिनक्सवरून विंडोजवर, हवं तर एकच टेबल. डंप चालू असताना नेहमीचं वाचणं-लिहिणं अडत नाही, टेबलची रचना बदलणारं आल्टर टेबल मात्र ताटकळतं. खरी किंमत रिस्टोअरला मोजावी लागते: डेटा ओतल्यावर सगळे इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूच्या) नव्याने बांधले जातात, आणि डेटाबेस मोठा असला की यात तासन् तास जातात. कस्टम फॉरमॅट आणि पीजी_रिस्टोअरचा -j पर्याय (एकाच वेळी अनेक कामं) वापरला तर थोडा दिलासा. शिवाय डंपमध्ये रोल (डेटाबेसचे वापरकर्ते) येत नाहीत. मी पहिल्यांदा नव्या सर्व्हरवर रिस्टोअर केला तेव्हा पडदाभर एकच ओळ होती, रोल अस्तित्वात नाही. रोल पीजी_डंपऑल ग्लोबल्स-ओन्लीने वेगळे काढायचे असतात, हे तेव्हा कळलं.

बेसबॅकअप उलट स्वभावाचा. अख्खं क्लस्टर (सर्व्हरवरचे सगळे डेटाबेस) उचलतो, त्याच मेजर आवृत्तीवर उतरतो, एकटं टेबल देत नाही. पण फाइली जशाच्या तशा परत येतात, इंडेक्ससकट. त्रास वॉलचा. एकेक फाइल साधारण 16 एमबीची; कामकाज कमी असेल तर ती भरायला वेळ लागतो आणि तोवर ती साठवली जात नाही, म्हणून आर्काइव्ह_टाइमआउट लावा. फाइली साठवणारी आर्काइव्ह_कमांड फसत राहिली तर पीजी_वॉल ही वॉलची डिरेक्टरी फुगत जाते, डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो. ती कमांड नुसत्या सीपीवर (साध्या कॉपीवर) भागवू नका, बारमनसारखं बॅकअपचं साधन घ्या.

डंप घेणाऱ्यांनी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेचा 31 जानेवारी 2017 चा प्रकार जरूर बघावा. चुकून मुख्य सर्व्हरवरचीच डेटा डिरेक्टरी उडवली गेली. रोजचा डंप होता, पण 9.6 च्या डेटाबेसवर 9.2 चा पीजी_डंप चालत होता आणि दर वेळी पडत होता. तसं कळवणारे मेलही पोचत नव्हते. सुमारे 6 तास आधी कुणीतरी हाताने काढलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाची डेटाची प्रत) होता, त्यावर निभावलं.

मी काय करतो? दहा-वीस जीबीपर्यंत डंपच, दिवसातून चार वेळा, आणि महिन्यातून एकदा कोऱ्या मशीनवर उतरवून किती मिनिटं लागली ते वहीत लिहितो. तो आकडा दुकान बंद ठेवता येईल त्या वेळेपुढे गेला, की बेसबॅकअपची तयारी सुरू.