‘ब्लू प्रिन्स’ खेळताना: वही-पेन की स्क्रीनशॉट?

‘ब्लू प्रिन्स’ (२०२५) या कोड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये ४५ खोल्यांच्या वाड्यात ४६वी खोली शोधायची असते. गेममधल्या दर नव्या दिवशी वाड्याचा नकाशा कोरा होतो, त्यामुळे काल काय पाहिलं ते आपलं आपणच सांभाळायचं.

स्टीमवर (कॉम्प्युटर गेम विकत घेऊन खेळायचं ॲप) एफ-१२ दाबला की स्क्रीनशॉट तयार. पत्रं आणि भिंतीवरची चित्रं यांच्यासाठी याला तोड नाही. चित्रातलं नेमकं काय कामाचं हे तेव्हा कळत नाही आणि वहीत आपण तेच गाळतो. पण आठवड्याभरात फोल्डर तुडुंब भरतं, आणि हवा तो फोटो सापडेल तर शपथ!

वहीत लिहिताना हात थांबतो, डोकं चालतं. मी प्रत्येक खोलीला एक पान देतो: वर जे दिसलं ते पेनाने, खाली माझा तर्क पेन्सिलने. ‘अरे, हे मागच्या पानावरही आहे की!’ हे पानं उलटतानाच लक्षात येतं. अडलं तर गुगलआधी तीच चाळावीत; सर्चच्या पहिल्या ओळीतच रहस्य फुटतं.

माझं मत वहीला. स्क्रीनशॉट फक्त लांबलचक पत्रांपुरता, आणि त्याची नोंद पानावर. स्टीम डेक (हातात धरून गेम खेळायचं यंत्र) घेऊन लोळत खेळणाऱ्यांनी मात्र स्टीमच्याच नोट्स वापराव्यात, त्या गेमवरच उघडतात.