नागपूर–मुंबई विमान: १ तास २० मिनिटं की पावणेदोन तास?

मी दवाखान्यांतली एक्स-रे आणि सोनोग्राफीची मशीनं दुरुस्त करतो. घर मनीषनगरला, स्पेअर पार्ट्सचं गोदाम मुंबईत, तिकडची काही हॉस्पिटलंही माझ्याकडे. त्यामुळे सोनेगावच्या विमानतळावर कायमच जाणं-येणं असतं. या मार्गावर दोन कंपन्यांची विमानं मी आलटूनपालटून घेतो. एकीबद्दल तक्रार आहे म्हणून नावं मुद्दामच लिहीत नाही.

तिकीट काढताना आधी नजर जाते वेळेवर. एक कंपनी १ तास २० मिनिटं दाखवते, दुसरी १ तास ४५. माझा मेहुणा दुसरीला सरळ ‘पॅसेंजर’च म्हणतो. बरं, विमान दोघींचंही एअरबस ए३२०, अंतर तेच, हवेतून साधारण ६८० किलोमीटर. मग पंचवीस मिनिटांचा फरक काहून बा?

तर तिकिटावरची वेळ नुसती उडण्या-उतरण्याची नसते. नागपूरला चाकांखालचे अडसर काढून विमान हललं की घड्याळ सुरू होतं आणि मुंबईत ते आपल्या जागेवर उभं राहिलं की थांबतं. विमानवाले याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. हवेत आपण असतो तासाभराच्या आसपासच. बाकीचा हिशेब मुख्यतः मुंबईचा. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकीवरच काम चालतं. गर्दीच्या वेळी वर घिरट्या घालायच्या, उतरल्यावर पुढचं विमान जागा सोडेपर्यंत टॅक्सीवेवर ताटकळायचं. या सगळ्याला किती मिनिटं धरायची, हे ज्याची ती कंपनी ठरवते. हिवाळ्यात त्यात वाराही येतो. वरच्या हवेत तो पश्चिमेकडून जोरात वाहतो, म्हणजे मुंबईला जाताना समोरून आणि परतताना पाठीशी. जास्त इंधन जाळून वेळ थोडी भरून काढता येते, पण ते कोणाला परवडतं?

जास्त वेळ छापण्यात थोडी चलाखी आहेच. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, वक्तशीरपणाचे आकडे जाहीर करतं, त्यात १५ मिनिटांपर्यंतचा उशीर उशिरात धरत नाहीत. आधीच ऐसपैस वेळ लिहिली की घिरट्या घालूनही विमान ‘वेळेवर’, आणि घिरट्या वाचल्या तर वेळेआधी पोचल्याची घोषणा, तीही अशा थाटात की पायलटने पराक्रम गाजवलाय.

तरी माझं मत या ‘पॅसेंजर’लाच. हॉस्पिटलमध्ये सोनोग्राफी बंद पडलेली असते, बाहेर पेशंट बसलेले असतात आणि डॉक्टर विचारतात, “किती वाजता येता?” १ तास ४५वाल्या विमानाची वेळ मी त्यांना बिनधास्त सांगतो. दुसरीचं १ तास २० म्हणजे सगळं सुरळीत झालं तरची गोष्ट, आणि सकाळी मुंबईत सगळं सुरळीत होत नाही. शिवाय तिचं विमान बरेचदा लांब उभं करतात, मग बस. माझे पाने-पेचकस केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, त्यामुळे बॅगेसाठी पट्ट्यापाशी उभं राहणं आलंच. ती मिनिटं कोणाच्याच तिकिटावर नसतात.

‘पॅसेंजर’ला पाचपैकी चार. एक कापला तो चहासाठी: पाणी कोमट, पिशवी बुडवून बुडवून रंग येत नाही, आणि त्या पैशात वर्धा रोडवर चौघांचा चहा होईल. दुसरीला दोन. परतीला घरी कोणी घड्याळ लावून बसलेलं नसतं, तेव्हा स्वस्त मिळाली तर तीही घेतो. फक्त रात्रीचं विमान जपून घ्या. तेच विमान सकाळपासून गावोगाव फिरत असतं आणि दिवसभराचा उशीर साठवत आपल्यापर्यंत येतं. ब्लॉक टाइम कितीही ऐसपैस असला तरी तो उशीर त्यात मावत नाही.

उशिराबद्दलचा नियमही या ब्लॉक टाइमवरच ठरतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं. गेल्या हिवाळ्यात मुंबईहून येताना १ तास २०वालीने आम्हाला एक तास पन्नास मिनिटं बसवलं आणि बरोबर तेव्हाच बोर्डिंग पुकारलं. काउंटरवर विचारलं, तर बिस्किटाचा पुडाही मिळाला नाही.