डोळ्यांशिवाय घरदुरुस्ती: टेस्टर, ड्रिल आणि ओळंबा वापरल्यानंतरचा अनुभव

टेस्टर घेण्याआधी लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी फोनवर सगळे ऐकून काढले. दिवा ठळक लागतो, उन्हातही दिसतो, रंग छान आहे, असंच सगळं. मला दिवा दिसत नाही. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे कॉलेज संपेपर्यंत माझी नजर पूर्ण गेली. मला हवं होतं ते एकानंही लिहिलं नव्हतं: बीप किती मोठा वाजतो, हातात थरथर जाणवते का, सेल संपले की कळतं का. म्हणून हा अनुभव लिहिते आहे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली ही अवजारं होळी उलटून गेली तरी वापरात आहेत, त्यामुळे नव्याचे नऊ दिवस केव्हाच संपलेत.

नाशिकमध्ये आई आणि मी जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. बारीकसारीक कामाला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी माझ्या बँकेच्या वेळात येतो. सॉकेट सैल झालं, इस्त्रीची वायर गेली, नळ गळतोय, कपाटाला फळी हवी, एवढीच कामं. ती मी करते.

आमच्यासारख्यांना बोलणारं साधन द्यायला सगळे उत्सुक असतात. घरदुरुस्तीत मात्र मला बोलणाऱ्यापेक्षा अडवणारं साधन जास्त कामाला आलं. ज्याला कड आहे, खाच आहे, जे ठरल्या जागी येऊन थांबतं, त्याच्यावर हात विसंबतो.

आधी टेस्टर, कारण त्यात जिवाची गोष्ट आहे. घरोघरी असतो तो स्क्रू ड्रायव्हरसारखा निऑनचा टेस्टर आमच्या उपयोगाचा नाही. मी घेतला तो पेनसारखा, तारेला न टेकवता चालणारा. तारेभोवतीचं विद्युत क्षेत्र ओळखून तो वाजतो आणि सोबत थरथरतो. हजाराच्या आत चांगला मिळतो. थरथर असलेलाच घ्या. खाली गणपतीचा मांडव लागला होता तेव्हा बीप मला अजिबात ऐकू येत नव्हता, बोटांना मात्र कळत होतं.

या टेस्टरमध्ये खरा धोका आवाजात नसून शांततेत आहे. टेस्टर गप्प आहे म्हणजे तारेत करंट नाही, की टेस्टरच्या सेलमध्ये जीव नाही? दिसणारा माणूस पेनावरचा छोटा दिवा बघून ठरवतो. मी नेहमी तीनदा तपासते. आधी फ्रिजच्या सॉकेटवर, तिथे वाजलाच पाहिजे. मग जिथे काम करायचं तिथे, तिथे गप्प राहिला पाहिजे. मग परत फ्रिजच्या सॉकेटवर, पुन्हा वाजला पाहिजे. मधली शांतता दोन्ही बाजूंच्या आवाजात बसली तरच खरी. माझा पेन काही मिनिटांनी आपोआप बंद होतो, आणि तेव्हा एक लांब बीप देतो. ही सोय नसती तर मी तो ठेवलाच नसता.

त्याच्या मर्यादाही आहेत. लोखंडी पाइपातून गेलेल्या तारेचा त्याला पत्ता लागत नाही. शेजारची तार चालू असेल तर मेलेल्या तारेवरही कधी कधी वाजतो. आपल्या सॉकेटचं जाड भोक अर्थिंगचं, ते वर असतं. समोरून उजवीकडचं लाइनचं, डावीकडचं न्यूट्रलचं. वाजायला हवं उजवीकडे. डावीकडे वाजलं तर तारा उलट जोडल्यात, आणि उपकरण चालत नसताना दोन्हीकडे वाजलं तर बहुधा न्यूट्रल कुठेतरी तुटलाय. जुन्या इमारतीत दोन्ही प्रकार सापडतात. अशा वेळी मी हात मागे घेते आणि वायरमनला फोन करते.

हा टेस्टर मेन बोर्डाशिवाय अर्धाच. एमसीबीचा, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा, खटका वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद, हे हाताला कळतं. ट्रिप झालेला खटका काही बनावटींत अधेमधे लोंबकळतो आणि आधी पूर्ण खाली दाबल्याशिवाय वर राहत नाही. पण कुठला खटका कुठल्या खोलीचा? मी प्रत्येकाच्या वरच्या पट्टीवर एम-सीलचे बारीक ठिपके बसवले: स्वयंपाकघराला एक, हॉलला दोन, माझ्या खोलीला एक आडवी रेघ. आधी ब्रेलची चिकटपट्टी लावली होती. उन्हाळ्यात तिचा गोंद सुटला. एम-सील जसंच्या तसं आहे.

बोलणारा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज वगैरे मोजायचा मीटर, एका ओळखीच्यांकडून आणून महिनाभर वापरला. आकडा इंग्रजीत सावकाश वाचायचा, आणि तो वाचून होईपर्यंत प्रोब, म्हणजे मीटरची तारेला टेकवायची टोचणी, जागचा हलायचा. परत केला. साधा डिजिटल मीटर घेतला, ज्यात कंटिन्युइटीचा बझर आहे. दोन टोकं जोडलेली असली की वाजतो, नसली की नाही. चकतीवर बझरच्या जागी एम-सीलचा ठिपका. माझ्या कामापैकी बहुतेक सगळं या एका ठिपक्यावर भागतं.

इस्त्रीची वायर बदलली तेव्हाचं सांगते, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो: रंग दिसत नाही, तर तारा कशा ओळखणार? इस्त्रीचा प्लग काढून ती पूर्ण गार होऊ दिली. झाकणाचे स्क्रू इडलीपात्राच्या साच्यात काढण्याच्या क्रमानं ठेवले, पहिला पहिल्या खळग्यात. जुन्या तारा सोडवण्याआधी प्रत्येक जागेच्या तारेला दोरा बांधला: एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला काही नाही. मग मीटरचा एक प्रोब इस्त्रीच्या लोखंडी तळाला टेकवून दुसरा प्लगच्या तिन्ही पिनांना पाळीपाळीनं लावला. जाड, लांब पिनेला वाजला. अर्थिंग शाबूत होतं. उरलेल्या दोन पिनांपासून आतल्या टोकांपर्यंत वाजवून पाहिलं, तर लाइनची तार हँडलपाशी वाकवली की बझर तुटायचा. वायर तिथेच खचली होती.

नवी वायर लावताना हाच हिशेब उलट. आधी वायरच्या एका टोकाला प्लग बसवला, मग प्लगच्या पिनांपासून मोकळ्या टोकांपर्यंत बझर वाजवत कुठली तार कुठली ते ठरवलं आणि तशाच गाठी मारल्या. रंग न बघता काम झालं. शेवटी खात्री म्हणून बी माय आइज लावलं. २०१५ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या या अॅपवर दिसणारा स्वयंसेवक तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यातून बघून सांगतो. त्या बाईंनी मला तिन्ही रंग नीट सांगितले. रंग ओळखणारी अॅप मीही वापरते, पण ट्यूबलाइटखाली बारीक तारेचा रंग ती सारखा बदलून सांगतात, त्यामुळे विजेच्या कामात त्यांच्या भरवशावर राहत नाही. अॅप वाचायला उत्तम: गोंदाच्या डब्यावरचं, गिट्टीच्या (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसते ती) पाकिटावरचं माप. अंतर आणि दिशा सांगायला ना माणूस पुरतो ना मशीन. "थोडं डावीकडे" म्हणजे किती, हे माझ्या बोटांना कोण सांगणार?

आणि इथे ड्रिलचा विषय येतो. भिंतीला भोक पाडणं लोकांना सर्वात धाडसाचं वाटतं. मला ते सर्वात शांत काम वाटतं, कारण ते सगळं अडवणाऱ्या वस्तूंवर चालतं.

जागा ठरवणं आधी. पाणसळीचा बुडबुडा मला कळत नाही, पण ओळंब्याची, म्हणजे खाली वजन लोंबणारी, दोरी हाताला लागते. वरून ओळंबा सोडला, तो स्थिर झाला की दोरीवर हलकेच बोट ठेवायचं. ती उभी रेषा खरी. तिला काटकोनी गुण्या लावला की आडवी रेषा मिळते. शतकानुशतकं गवंडी हेच वापरत आलेत, आणि अंध माणसाला याहून नेमकं अवजार मी अजून हाताळलेलं नाही. स्वयंपाकघरात तर टाइल्सचे सांधेच नखाला लागतात. टाइल नीट बसवलेली असेल तर सांध्यापासून मोजलेलं सरळच येतं.

मोजायला अॅल्युमिनियमची पट्टी. कानशीनं प्रत्येक सेंटिमीटरला बारीक खाच, पाचव्याला खोल, दहाव्याला आरपार कापलेली. नॅबमध्ये, म्हणजे १९५२ साली मुंबईत सुरू झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या केंद्रात, ब्रेल शिकले तेव्हा ब्रेल पट्टी हाताळली होती. तिचे ठिपके वहीवर ठीक, सिमेंटच्या धुळीत बोटाला लागत नाहीत. खाच लागते. शिवणकामाची टेप असेल तर तिच्यावर दर पाच सेंटिमीटरला स्टेपलरची पिन मारा, तेही चालतं.

खूण पेन्सिलीची नाही, खिळ्याची. खिळा ठेवून हातोडीचा एक ठोका, की टोक बसेल एवढा खळगा पडतो. टाइलवर आधी चिकटपट्टी लावते, नाहीतर बिट, म्हणजे ड्रिलमध्ये बसवायची भोक पाडणारी सळई, घसरतं.

आता भोक सरळ पडायला हवं. सुताराकडून सागवानाचा दीड इंच जाड ठोकळा करून घेतला, त्यात आरपार सरळ भोक. बिटवर कॉलर असते, ॲलन कीनं, म्हणजे षटकोनी चावीनं, घट्ट होणारी धातूची बांगडी. ती टोकापासून साडेचार सेंटिमीटरवर कसलेली, कारण माझी आठ मिलिमीटरची गिट्टी चार सेंटिमीटरची आहे. ठोकळा भिंतीला घट्ट दाबायचा, बिट त्यातून खळग्यात टेकवायचं आणि चालवायचं. कॉलर ठोकळ्यावर येऊन अडली की भिंतीत अर्ध्या सेंटिमीटरहून थोडं जास्त गेलेलं असतं, म्हणजे बिटला दिशा मिळाली. ठोकळा काढायचा आणि कॉलर भिंतीला लागेपर्यंत जायचं. संपलं. नजरेनं अंदाज घ्यायची गरजच कुठे पडत नाही.

बाकीचं कान सांगतात. प्लास्टरमध्ये आवाज मऊ, विटेत भरड, आणि बीम लागला की स्वर एकदम चढतो आणि मशीन पुढे जायचं थांबतं. तिथे जोर लावू नका, जागा दोन इंच हलवा.

चारपाच महिन्यांनी ठोकळ्यातलं भोक झिजून सैल झालं आणि बिट डुलायला लागलं. सुतारानं आत पितळेची नळी ठोकून दिली, तेव्हापासून त्रास नाही. नवा बनवताना पहिल्यापासूनच नळी घाला. कॉलरचा स्क्रूही धक्क्यांनी ढिला होतो. दर भोकाआधी चाचपून बघते आणि ॲलन की ड्रिलच्या वायरलाच बांधून ठेवली आहे. वायर खांद्यावरून पाठीमागे. ज्या खोलीत भोक पाडायचं तिथला एमसीबी बंद, ड्रिल दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन बोर्डवर. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचंच नाही, कारण भिंतीतल्या तारा बहुधा तिथूनच उभ्या गेलेल्या असतात, आणि इतक्या आतलं पेनच्या टेस्टरला कळेलच असं नाही. डोळ्यांना गॉगल हवाच. डोळे दिसत नसले तरी दुखतात.

नळाचं थोडक्यात. जुना फिरकीचा वॉल्व्ह किती बंद झालाय ते हाताला कळत नाही. दांडीचा बॉल वॉल्व्ह बसवून घ्या: दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. टेफ्लॉन टेप आट्यांच्या तोंडाकडून बघितल्यावर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं गुंडाळायची, म्हणजे कसताना सुटत नाही. गळती शोधायला सांध्याखाली रात्रभर वर्तमानपत्राचा कागद ठेवा. ओला कागद सकाळी बोटांना लगेच कळतो.

गॅसला मी हात लावत नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, कुठलंही बटण चालू-बंद करायचं नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६. गीझर आणि विजेच्या मीटरची बाजूही नाही.

सामान आणायचा अनुभव मात्र दोन टोकांचा. एका दुकानात मला सांगितलं, "ताई, घरी कोणी असेल तर त्यांना पाठवा, तुम्हाला काय समजणार." मी तिथून निघाले, पण राग आठवडाभर गेला नाही. पैसे माझे, घर माझं, काम मी करणार. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी काही न बोलता तीन बिटं माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "टोक बघ बेटा, लाकडाचं अणकुचीदार, सिमेंटचं पाचरीसारखं रुंद." तेव्हापासून मी तिथूनच घेते. आईही बरोबर येते आणि पिशवी धरते. शेजारच्या काकूंच्या घरची फळीही आता मीच लावून दिली आहे.

कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी थरथरणारा टेस्टर आणि ओळंबा घ्या, मग बझरचा मीटर, ड्रिल सगळ्यात शेवटी. टेस्टर ऑनलाइन मागवत असाल तर विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: बंद होताना आवाज देतो का, आणि सेल उतरले की काय करतो. उत्तर मिळालं नाही तर दुसरा बघा. माझ्या पेनची खिशाला अडकवायची क्लिप दिवाळीतच तुटली, बाकी तो ठणठणीत आहे.