सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: घ्या, पण तिसरा गडी आधी शोधा

गेल्या महिन्यात सावंतवाडीला गेलो होतो तेव्हा दशावतारी गंजिफेचा, म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांच्या गोल पत्त्यांचा, पूर्ण डाव घेतला. खरं तर हवं होतं एकच पान, कूर्माची पंजी, म्हणजे पाच कासवांचं पान. दुकानदार म्हणाला, "सुटं पान नाय गावणार. हातान रंगवलेलां, दुसऱ्या डावाशी जुळूचा नाय." बरोबरच होतं त्याचं.

पंजीची भानगड अशी. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या शाळेत चौथीला ज्या बाई होत्या, त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात जुना डाव होता. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक ते दहा. बारा-बाराचे ढीग लावत आम्ही पाढा म्हणायचो, बार एके बारपासून बारा दाहे वीसाशेपर्यंत. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि पाचांत एक्का, हे कळलं तेव्हा गणितात पहिल्यांदा गंमत वाटली. नाहीतर मी पाढ्याच्या तासाला पोट दुखणारा मुलगा.

त्यातली पंजी मी खिशात घातली. पावसाचे दिवस, घरी पोचेपर्यंत रंग चड्डीला लागला. दुसऱ्या दिवशी बाईंनी ढीग मोजले, एक अकराचा निघाला. काही बोलल्या नाहीत. आठवड्याने डब्यात नवी पंजी आली: कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर वाटी ठेवून कापलेली, वर पाच कासवं. कासवं कसली, खेकडेच ते.

आता नव्या डावाबद्दल. चित्रकाम सुरेख. परशुरामाच्या पानांवरचा परशु बघाच, पातं एका फटकाऱ्यात ओढलंय. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पानं करत. ही पुठ्ठ्याची आहेत, पण लाखेचा हात चांगला बसलाय, पानं चिकटत नाहीत. स्वस्त नाही, आणि एकशेवीस पानं हाताने रंगवायची म्हटल्यावर असूही नये. तक्रारी दोन. डब्याचं झाकण इतकं घट्ट की सुरी लावावी लागली. आणि खेळाचे नियम आत कुठेच नाहीत. नवख्याने नुसती चित्रं बघत बसायचं? खेळायला तिघं लागतात, हेही दुकानात कोणी सांगत नाही.

डाव घेऊन बाईंकडे गेलो. आता ऐंशीच्या पुढे आहेत, चष्मा जाड झालाय, पण आधी ढीगच लावले. दहावा ढीग पुरा झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मेल्या, ह्या खेपेक सगळी आसत."

मी चहाच्या कपात बघत राहिलो.

मग शेजारच्या काकूंना हाक मारली, चाळीस-चाळीस पानं वाटली. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. दिवस मावळून गेला होता. कृष्ण बाईंकडेच निघाला.