इंजिनला लावायचा स्टेथोस्कोप: चार महिने वापरून लिहितोय

वस्तू साधी आहे, ऑनलाइन ३८० रुपयांना मिळाली. दिसायला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखीच, फक्त छातीला लावायच्या चकतीच्या जागी एक छोटी डबी आणि तिच्यातून निघालेली वीतभर स्टीलची सळई. सळईचं टोक इंजिनच्या ज्या भागाला टेकवाल तिथली थरथर डबीतल्या पातळ पडद्यावर येते आणि नळीतून थेट कानात. आपले जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावायचे, तेच तत्त्व, पण यात बाहेरचा गोंगाट बराच कमी होतो.

का घेतला ते सांगतो. आमची मारुती ८००, २००५ची, अण्णांनी नवी घेतलेली, आता १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. डिसेंबरात सकाळी चालू केली की बोनेटखालून टकटक यायला लागली आणि तिच्यासोबत एक खरखर, रेस दिली की ती पण वाढायची. जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली, तिथल्या माणसाने बोनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं इंजिन गेलं, खोलावं लागेल, ३५ हजार धरून चला. अण्णा काहीच बोलले नाहीत, घरी येईपर्यंत गप्प होते, आणि मला ते फार लागलं. वीस वर्षं ज्या गाडीने सांगली-कोल्हापूर केलं, आजीला मिरजेला दवाखान्यात नेलं-आणलं, तिचा निकाल दोन मिनिटांत कसा लावणार?

मला पटलं नव्हतं त्याला कारण होतं. त्याच आठवड्यात आम्ही आंबा घाटातून रत्नागिरीला जाऊन आलो होतो आणि चढाला, गाडीवर पूर्ण लोड असताना, आवाज जराही वाढला नव्हता. इंजिन खोलायची वेळ आणणारं, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलेलं असेल तर जड ठोके येतात, खालून येतात आणि लोडवर वाढतात. ऑइल प्रेशरचा लाल दिवा पण चालू केल्यावर लगेच विझत होता. म्हणून म्हटलं आधी आवाज नक्की कुठून येतोय ते बघू, इंजिन खोलायचं नंतर.

पहिल्या रविवारी काहीच कळलं नाही, हे मुद्दाम सांगतो कारण बरेच जण तिथेच वैतागून वस्तू परत करत असतील. सळई कुठेही टेकवा, सगळीकडून धडधडच ऐकू येते. मग शेजारच्या काकांची त्याच मॉडेलची चांगली चालणारी गाडी त्यांना विचारून अर्धा तास ऐकली. धडधाकट इंजिन कसं वाजतं ते एकदा कानात बसलं की मग फरक कळायला लागतो, इंजेक्टरची (सिलेंडरसाठी पेट्रोल फवारणाऱ्या भागाची) टिकटिक तर चांगल्या गाडीत पण येते आणि स्टेथोस्कोपमधून ती चांगलीच मोठी वाटते, मी आधी तिलाच बिघाड समजलो होतो.

दुसऱ्या रविवारी खरखर सापडली. या गाडीत फॅन बेल्टवर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) आणि वॉटर पंप दोन्ही फिरतात, त्यामुळे नुसत्या कानाने दोघांतला कुठला ते सांगणं अवघड. अल्टरनेटरच्या बॉडीला सळई लावली, एकसारखं घूं ऐकू आलं. तीच पंपाच्या बॉडीला लावली आणि अक्षरशः जात्यात वाळू टाकल्यासारखं दळण ऐकू आलं. खात्री करायला इंजिन बंद करून बेल्ट काढला आणि अर्धा मिनिट चालू केलं, खरखर गायब! (अर्ध्या मिनिटाच्या वर नको, पंप बंद म्हणजे पाणी फिरत नाही.) पंपाची पुली हाताने हलवली तर ती लटपटत होती आणि खालच्या बारीक भोकाजवळ कूलंटचा वाळलेला ओघळ होता, म्हणजे पंपाचं सील पण जायला लागलं होतं.

राहिली टकटक. ती टॅपेट कव्हरवर (इंजिनचं वरचं झाकण, त्याखाली व्हॉल्व्ह उघडणारे टॅपेट असतात) सगळ्यात मोठी येत होती, खाली ऑइल चेंबरला सळई लावली की जवळजवळ नाहीच. शिवाय तिचा वेग बघा. आयडलला (रेस न देता) मिनिटाला ९०० फेरे धरले तर क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, सेकंदाला १५ फेरे मारतो आणि टॅपेट हलवणारा कॅम त्याच्या निम्मे, त्यामुळे टॅपेटचा आवाज रेसच्या मानाने संथ वाटतो, तसाच हा होता. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग लीक असेल तरी साधारण अशीच टकटक येते पण ती इंजिन तापलं की कमी होते, आमची तापल्यावरही तशीच होती.

हे सगळं कागदावर लिहून दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद शांतपणे वाचला, स्टेथोस्कोप मागून घेतला, स्वतः ऐकलं, मग एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघितलं. रॉडचं बेअरिंग असतं तर त्या सिलेंडरचा जोर गेल्यावर ठोका मऊ पडला असता, इथे काही फरक पडला नाही. पंप बदलला, टॅपेटचा गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) सेट केला. सगळे मिळून २,७५० रुपये. एक गोष्ट त्यांनी सांगितली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे, की टॅपेट पार गप्प करायच्या नादात गॅप कमी ठेवला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो, थोडी टिकटिक राहिलेली बरी. परत येताना अण्णांनी गाडी चालवली, काच खाली करून.

आता वस्तूबद्दल. कानात घालायचे बोंडे कडक प्लॅस्टिकचे आहेत, दहा मिनिटांत कान दुखतात, मी मेडिकलमधून मऊ रबरी आणून बसवले. सळई डबीत आट्यांवर बसते आणि थरथरीने ढिली होते, मग तिचीच खडखड ऐकू येते, म्हणून दर वेळी आवळून घ्या. रबरी नळी चांगली आहे, तापलेल्या मॅनिफोल्डला एकदा लागली तरी फक्त डाग पडला. पाचपैकी चार देईन, एक त्या बोंड्यांचा कापला.

वापरताना मात्र जपून, अगदी मनापासून सांगतोय. नळी लोंबते आणि बेल्ट तिच्यापासून चार बोटांवर फिरत असतो. ओढणी, मफलर, सैल बाही नको. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, इंजिन तापलं की न सांगता सुरू होतो, तिकडे हात ठेवू नका. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि हे उघड्यावरच करायचं, बंद शेडमध्ये धूर साठतो आणि तो जीवावर बेततो.

उभ्या गाडीतलंच ऐकू येतं ही त्याची मर्यादा. आमच्या गाडीत आता साठच्या पुढे डाव्या बाजूने एक घूं-घूं येतंय, उजवीकडे वळण घेतलं की वाढतं, इंजिनशी त्याचा संबंध नाही कारण न्यूट्रल केलं तरी राहतं. डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग असावं. येत्या रविवारी जॅक लावून चाक हाताने फिरवून बघणार आहे, अण्णांनी सकाळी आठची वेळ दिलीय.